सॅमन मोजायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: कॅनडातल्या नद्यांवर जंगली सॅमन माशांच्या मोजणीचं हंगामी काम असतं, ते प्रत्यक्षात कसं चालतं? सोनार (आवाजाच्या लहरींनी पाण्यातलं दाखवणारं यंत्र) आणि ड्रोन आल्यावरही माणसं त्या गारठ्यात पाण्यात का उतरतात? यातलं काही आपल्या कोकणातल्या नद्यांना लागू पडेल का? आणि जाता जाता, ते काम मिळतं कसं?

मी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बरीच वर्षं हेच काम करते आहे. त्यामुळे उत्तर तिथल्या, त्यातही फ्रेझर नदीच्या खोऱ्याच्या अंगाने देते. तू याच विषयातली आहेस, पण वाचणारे सगळे तसे नसतील म्हणून एवढं सांगून ठेवते. पॅसिफिक सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला आपल्या जन्माच्या ओढ्यात परत येतो. अंडी घातली की मरतो. पिंक सॅमनचं हे चक्र दोन वर्षांचं, फ्रेझरमधल्या सॉकआयचं बहुतेक करून चार वर्षांचं. चिनूक, कोहो आणि चम या उरलेल्या तीन जाती. मासा एकदाच वर येतो आणि परत जात नाही, ही मोजणाऱ्याच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. आमच्या बऱ्याचशा पद्धती या एका सोयीवर उभ्या आहेत.

पण नदीत अमुक इतके मासे आले, असा जो आकडा तू अहवालात वाचतेस, तो क्वचितच कुणी एकेक करून मोजलेला असतो. तो अंदाज असतो. दिसलेल्या माशांवरून न दिसलेल्यांचा हिशेब करून काढलेला. नदीवरच्या माणसाचं काम मासे पाहण्याचं आहे हे खरं, पण त्याहून जास्त ते आपल्याला किती मासे दिसले नाहीत याचा पुरावा गोळा करण्याचं आहे. हे ज्याला पहिल्या हंगामात उमगतं तो टिकतो. बाकीचे फोटो काढून परत जातात.

आता हंगाम. आमचं वर्ष एप्रिलमध्ये उघडतं. बर्फ वितळायला लागतं, सरोवरांवरचा थर फुटतो आणि वर्षभर, कधी दोन वर्षं, गोड्या पाण्यात काढलेली पिल्लं समुद्राकडे निघतात. या वयाच्या पिल्लांना स्मोल्ट म्हणतात. लहान नद्यांवर त्यांच्यासाठी फिरता सापळा लावतात: दोन तराफ्यांच्या मध्ये छिद्रं पाडलेला धातूचा मोठा शंकू, तो पाण्याच्या धारेने फिरतो आणि आत आलेली पिल्लं मागच्या पेटीत ढकलतो. रोज सकाळी पेटी उपसायची, जाती वेगळ्या करायच्या, काहींना गुंगी देऊन लांबी-वजन घ्यायचं. पण सापळ्यात नदीचा सगळा प्रवाह येत नाही, एक पट्टाच येतो. मग पकडलेल्यांपैकी काही पिल्लांना बिस्मार्क ब्राऊन नावाच्या रंगात थोडा वेळ ठेवायचं, बादल्यांतून वरच्या अंगाला नेऊन सोडायचं आणि त्यातली किती पुन्हा सापळ्यात येतात ते पाहायचं. हजार सोडली आणि पन्नास परत आली, तर सापळा शंभरातली पाच पकडतो. पाणी वाढलं की हे प्रमाण बदलतं, म्हणून हा उद्योग हंगामभर पुन्हा पुन्हा. रात्री एखादा ओंडका वाहून येऊन शंकूत अडकतो आणि फिरणं थांबतं. त्या रात्रीची नोंद शून्य नव्हे, ‘सापळा बंद’ अशी करायची. या दोन नोंदींतला फरक न कळलेल्या माणसाने वर्षाचा आकडा बिघडवलेला मी पाहिला आहे.

पिल्लं मोजून काय मिळतं, असं लोक विचारतात. २००९ साली फ्रेझरमध्ये एक कोटीहून जास्त सॉकआय परततील असा अंदाज होता. आले सुमारे पंधरा लाख. मासेमारी बंद ठेवावी लागली, आरडाओरडा झाला, आणि केंद्र सरकारने न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांचा चौकशी आयोग नेमला. आता, फ्रेझरच्याच खोऱ्यातल्या चिल्को सरोवराच्या तोंडाशी स्मोल्टची मोजणी १९५० च्या दशकात सुरू झालेली आहे. तिथून २००७ मध्ये, म्हणजे २००९ ला परतायच्या पिढीची, विक्रमी संख्येने पिल्लं बाहेर पडली होती. त्या मोजणीमुळे निदान एवढं ठामपणे म्हणता आलं की चिल्कोपुरता तरी घोळ सरोवरात झालेला नाही, खाली नदीत किंवा समुद्रात झाला. ती मोजणी नसती तर वाद आणखी कितीतरी वर्षं अंधारातच चालला असता. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, जवळजवळ तीन कोटी सॉकआय आले. आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला. त्याने एकाच कारणावर बोट ठेवलं नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी पाणी कमी असताना ओढ्यांमधल्या लहान कोहोंची पाहणी होते. पाठीवर बॅटरीचं यंत्र, हातात मासा क्षणभर बधिर करणारा विजेचा दांडा, मागून जाळं घेऊन दुसरा माणूस. हे तुमच्या अभ्यासक्रमात असेल, मी लांबवत नाही.

खरी धावपळ जुलैपासून. अर्ली स्टुअर्ट म्हणून ओळखले जाणारे सॉकआय सगळ्यांच्या आधी येतात आणि समुद्रापासून हजार किलोमीटरहून जास्त अंतर काहीही न खाता पोहतात. त्यांच्या मागोमाग एकेक गट येत राहतो. ॲडम्स नदीचा ऑक्टोबरमध्ये, आणि तिथे दर चौथं वर्ष भरगच्च असतं: २०१०, २०१४, २०१८, २०२२. किनाऱ्याकडचे कोहो आणि चम नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत. प्रत्येक नदीला एकच पद्धत नसते. नदी किती रुंद, पाणी किती स्वच्छ, मासे किती येणार, रस्ता आहे की हेलिकॉप्टर लागतं, आणि पैसे किती आहेत यावर ठरतं. शेवटच्या मुद्द्याचा वाटा बराच मोठा असतो.

सगळ्यात खात्रीची पद्धत म्हणजे मोजणीचं कुंपण. नदीच्या आडवे पट्ट्यांचे पडदे उभे करायचे, मध्ये एक फट ठेवायची आणि फटीखाली तळावर पांढऱ्या फळ्या टाकायच्या, म्हणजे वरून जाणारा मासा उठून दिसतो. फटीवर बसायचं आणि क्लिकर दाबायचा. कल्टस सरोवराच्या ओढ्यावर अशी मोजणी १९२० च्या दशकापासून होते आहे, स्कीना खोऱ्यातल्या बॅबीन नदीवर १९४६ पासून. बॅबीनची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथले आदिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या नदीला आडवी कुंपणं घालून मासे पकडत. मासे डबाबंद करणाऱ्या कारखानदारांच्या तक्रारींवरून सरकारने ती मोडायला लावली आणि १९०६ मध्ये त्यांच्या प्रमुखांशी करार करून कुंपणांऐवजी जाळी दिली. चाळीस वर्षांनी सरकारने स्वतःच त्या नदीला आडवं कुंपण घातलं, मासे मोजायला. आज ब्रिटिश कोलंबियातली बरीच मोजणी तिथल्या आदिवासी राष्ट्रांचे (तिकडे आदिवासी समाजांना असंच म्हणतात) स्वतःचे मत्स्य विभाग करतात. नास नदीवर निस्गा लोक मासे पकडणारी मोठी फिरती चाकं वापरतात. तू तिकडे काम केलंस तर तुझा वरिष्ठ त्यांच्यातलाच कुणी असण्याची शक्यता भरपूर आहे, आणि नदीबद्दल त्याला जे ठाऊक असतं ते कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

अलास्कात ब्रिस्टल बेच्या नद्या इतक्या स्वच्छ आहेत की काठावर मनोरा उभारून वरून मोजतात. दर तासाला एका काठावर दहा मिनिटं, मग त्याला सहाने गुणायचं. ऐकायला ओबडधोबड वाटतं, पण मासे दिवसभर चालत असतील तर ही युक्ती उत्तम चालते. २०२२ मध्ये तिथे सुमारे ७ कोटी ९० लाख सॉकआय आले. दहा मिनिटांच्या त्या बैठका नसत्या तर त्यातले किती वर जाऊ दिले आणि किती पकडले, याचा ताळमेळच लागला नसता.

कुंपण घालता येत नाही अशा गढूळ, रुंद नदीत सोनार. आम्ही वापरतो ते उपकरण मूळ अमेरिकी नौदलासाठी वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालं. ते आवाजाच्या लहरींनी पोटातल्या बाळाच्या सोनोग्राफीसारखं हलतं चित्र दाखवतं, आणि त्यात मासा शेपटी हलवत जाताना चक्क दिसतो. इथे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. सोनारला मासा दिसतो, जात दिसत नाही. मोठा चिनूक लांबीवरून ओळखता येतो, पण सॉकआय आणि पिंक एकाच वेळी चालत असले की पडद्यावर सगळे सारखे. फ्रेझरमध्ये पिंक विषम वर्षी येतात, तेव्हा ही डोकेदुखी ठरलेली. मग शेजारीच जाळं टाकून नमुना घ्यावा लागतो: शंभरात सॉकआय किती, पिंक किती. शिवाय मासे सोनारसमोर थबकतात, मागे फिरतात, पुन्हा येतात. वर गेलेल्यांतून खाली आलेले वजा करावे लागतात. यंत्राच्या मागून, म्हणजे काठाच्या कडेने, मासे निसटू नयेत म्हणून काही मीटरचं छोटं कुंपण घालावं लागतं, ते रोज साफ करावं लागतं. आणि माशाने मरण्याआधी अंडी घातली की नाही हे तर सोनारला कधीच कळणार नाही. संगणकाला शिकवून मोजणी करून घेण्याचे प्रयोग चांगले चालले आहेत, तासन्‌तास पडदा पाहण्याचा त्रास त्याने वाचेल. मला त्याचा आनंदच आहे. ड्रोन उघड्या, उथळ नदीवर उपयोगी पडतो. देवदारांच्या छताखालच्या ओढ्यात किंवा पाण्यावर उन्हाची तिरीप असताना त्याला आपल्याइतकंही दिसत नाही.

म्हणून माणसं चालतात. दोघंजण, छातीपर्यंतचे वेडर (बुटांसकट जलरोधक विजार), पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा, हातात काठी. लहान ओढ्यात खालून वर चालत जायचं, मोठ्या नदीत अंग कोरडं ठेवणारा ड्रायसूट घालून रांगेत पोहत खाली यायचं आणि आपल्या पट्ट्यातून मागे गेलेले मासे मोजायचे. वही पावसात न भिजणाऱ्या कागदाची, आणि लिहायचं पेन्सिलने, कारण ओल्या हातात पेन दगा देतं. दर ठरावीक अंतराला संख्या लिहायची. तिच्या शेजारी पाण्याची पातळी, तापमान, ढग किती, तळ किती खोलीपर्यंत दिसतो, हेही. नवीन मुलं संख्या काळजीने लिहितात आणि बाकीचे रकाने घाईत भरतात. मी उलट सांगते. संख्या दोन-चाराने चुकली तर चालेल, पण पाणी किती गढूळ होतं हे लिहिलं नसेल तर ती संख्या नंतर वापरताच येत नाही.

का, ते उदाहरणाने सांगते. समजा एका ओढ्यावर दर सात दिवसांनी फेरी केली आणि जिवंत मासे दिसले ते असे: ०, १४०, ५२०, ४१०, ११०, ०. ओढ्यात एकूण किती मासे आले? ५२० नक्कीच नाही, कारण त्या दिवशी काही मरून गेले होते आणि काही यायचे होते. बेरीज ११८० हीसुद्धा नाही, कारण काही मासे दोन फेऱ्यांत दोनदा मोजले गेले असतील. म्हणून ‘मासा-दिवस’ काढतात, म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ: ११८० गुणिले ७, म्हणजे ८२६०. एक मासा ओढ्यात सरासरी बारा दिवस जगतो असं धरलं तर ६८८ मासे. दहातले आठच मासे नजरेला पडतात असं धरलं तर ८६०. आता तोच मासा बारा नव्हे, नऊ दिवस जगतो असं धर. आकडा होतो ११४७. ओढा तोच, वही तीच, चाललेले पाय तेच, आणि उत्तरात जवळजवळ तीनशे माशांचा फरक. पाणी तापलं, अस्वलं जास्त आली, की हे दिवस खरोखर घटतात. त्यामुळे मासा किती दिवस जगतो आणि आपल्याला दहातले किती दिसतात, हे त्या ओढ्यावर वेगळं तपासावंच लागतं. फ्रेझरच्या लहान सॉकआय ओढ्यांवर याहून सोपा हिशेब चालत आला आहे: सगळ्यात जास्त जिवंत मासे दिसले त्या दिवशीची संख्या, अधिक तोवर सापडलेले एकूण मेलेले, गुणिले १.८. हा १.८ सगळीकडे सारखाच बरोबर असेल असं कुणीच मानत नाही. पण तो वर्षानुवर्षं तोच ठेवला आहे, म्हणून निदान एका वर्षाची दुसऱ्याशी तुलना होते.

मासे लाखांनी येतात तिथे खूण आणि पुनर्मोजणी. नदीच्या खालच्या भागात काही हजार मासे जाळ्याने पकडून पाठीजवळ चकतीचा टॅग लावायचा आणि सोडायचं. मग दोन-तीन आठवड्यांनी वर मेलेल्या माशांत ते टॅग शोधायचे. समजा टॅग लावले ५०००, मेलेले पाहिले ४०,०००, त्यांत टॅगवाले निघाले ४००, म्हणजे शंभरात एक. तेव्हा एकूण मासे साधारण पाच लाख. पीटरसनचं हे गणित तू शिकलीच असशील. पुस्तकात ते एका ओळीत संपतं, नदीवर त्याचं एकेक गृहीतक पायात घोळतं. टॅग गळून पडला तर? म्हणून कल्ल्याच्या झाकणाला छिद्रही पाडून ठेवतात. टॅग लावलेला मासा दगदगीने आधीच मेला तर? नर वाहून गेले आणि माद्याच सापडल्या तर? मादी अंडी घातलेल्या आपल्या खड्ड्यावर मरेपर्यंत पहारा देते, म्हणून तिचं शव जवळच सापडतं, नर भटकतो. त्यामुळे नर आणि माद्या यांचा हिशेब वेगळा ठेवायचा. वयाआधी परतलेले छोटे नर तर शवांत फारच कमी सापडतात.

ही मेलेल्या माशांची मोजणी म्हणजे डेड पिच. फोटोंत न दिसणारा आणि माझ्या मते हंगामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. ऑक्टोबरमधला एक मासा हातात घेऊन दाखवते. सॉकआयची मादी, मरून दोनेक दिवस झालेली. डोळे गल पक्ष्यांनी नेलेले, शेपटीची खालची कड खडी उकरून उकरून पांढरी झालेली. आकड्याने ओढून काठाला घ्यायची. आधी टॅग आहे का पाहायचं, नसेल तर कल्ल्याचं झाकण अंगठ्याने पुसून छिद्र आहे का. मग लांबी: डोळ्याच्या मागच्या कडेपासून शेपटीच्या हाडाच्या टोकापर्यंत. नाकापासून शेपटीच्या शेवटापर्यंत नाही, कारण नराचं नाक वाढून वाकतं आणि मादीची शेपटी झिजते; तसं मोजलं तर कशाचीच कशाशी तुलना होणार नाही. वयासाठी पाठीच्या पराच्या मागून, बाजूच्या रेषेच्या जरा वरचे दोन-तीन खवले. पण नदीत आल्यावर शरीर खवल्यांची कड शोषून घेतं, वय सांगणारं शेवटचं वलय पुसलं जातं. म्हणून डोक्यावर एक काप देऊन कानातला खडा, ऑटोलिथ, चिमट्याने काढायचा. तो छोट्या कुपीत, कुपीवर नंबर, तोच नंबर वहीत. चिनूक किंवा कोहो असेल आणि पाठीच्या मागचा छोटा मांसल पर कापलेला असेल, तर तो उबवणी केंद्रातला असण्याची शक्यता जास्त. मग अख्खं डोकं पिशवीत भरून पाठवायचं, कारण नाकाच्या कूर्चेत जेमतेम एक मिलिमीटर लांबीची तार असू शकते आणि तिच्यावर तो मासा कुठे वाढला याचा क्रमांक कोरलेला असतो.

यानंतर पोट उघडायचं. ही पायरी कंटाळलेली माणसं टाळतात आणि ती टाळली की सगळं वाया जातं. आत अंडी राहिली आहेत का? सगळी आहेत, साधारण निम्मी आहेत, की संपली आहेत: नोंद ०, ५० किंवा १००. सॉकआयच्या मादीत तीन-साडेतीन हजार अंडी असतात. पाणी तापलेल्या वर्षी माद्या नदीपर्यंत येतात आणि अंडी न घालताच मरतात. कुंपणावर त्यांची गणती झालेली, सोनारमध्ये त्यांची गणती झालेली, अहवालात त्या अंडी घालायला पोहोचलेल्यांत. पण त्यांच्यापासून एकही पिल्लू होणार नाही. हे फक्त कोयता हातात घेऊन पोट उघडणाऱ्यालाच कळतं. त्यावरून ‘परिणामकारक माद्या’ असा वेगळा आकडा काढतात, आणि पुढच्या पिढीचा अंदाज त्याच्यावर बांधतात. शेवटी शवाचे दोन तुकडे करून पाण्यात परत टाकायचे, म्हणजे उद्या कुणी तेच पुन्हा मोजणार नाही. आणि तो मासा त्या ओढ्याचं खत आहे, तो बाहेर न्यायचा नसतो.

अस्वलांबद्दल तू विचारलं नाहीस, घरचे विचारतील. ती असतात. मिरचीचा फवारा बॅगेत नाही, छातीवर लटकवायचा. वळणावर मोठ्याने ‘हे बेअर’ ओरडत जायचं, कारण धो-धो पाण्यात त्यालाही आपला आवाज येत नाही. एकट्याने जायचं नाही. पण या कामात मला अस्वलापेक्षा पाण्याची भीती जास्त वाटते. वेडर कमरेला पट्ट्याने आवळलेला नसेल आणि तू घसरलीस, तर तो भरतो. वेगवान पाण्यातून सुटकेचं प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी सक्तीचं असतं, आणि ते असावंच.

नदी कधीकधी एका रात्रीत सगळी पद्धत मोडून टाकते. २०१९ च्या जूनमध्ये लिलूएट गावाच्या वरच्या अंगाला बिग बार इथे मोठा कडा फ्रेझरमध्ये कोसळलेला असल्याचं लक्षात आलं. पाच-सहा मीटरच्या धबधब्याखाली मासे अडकले. हेलिकॉप्टरने बादल्यांतून मासे उचलून वर सोडावे लागले. अर्ली स्टुअर्टसारखे वरच्या अंगाचे गट त्या वर्षी जवळजवळ बुडाले. २०२४ च्या जुलैअखेरीस चिल्कोच्या वाटेवरच्या चिल्कोटिन नदीत दरड कोसळून नदीच तुंबली. ५ ऑगस्टला पाण्याने बांध फोडला आणि गाळाचा लोंढा खाली आला, नेमका चिल्कोचे सॉकआय यायच्या तोंडावर. अशा वेळी मासे पोहोचले का, हा प्रश्न साऱ्या प्रांताला पडतो. त्याचं उत्तर द्यायला आधीच्या वर्षांच्या नोंदी असाव्या लागतात: याच तारखेला एरवी किती मासे असतात? इथे मला तक्रार करायची आहे. १९८० च्या दशकानंतर ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर नियमित चालल्या जाणाऱ्या ओढ्यांची संख्या घटत गेली आहे. मोठ्या नद्यांवर महागडी उपकरणं आली, आणि दोन माणसं व एक होडी लागणारे लहान ओढे यादीतून गळाले. एका लहान ओढ्याचा गट नाहीसा झाला तर एकूण आकड्यात ते दिसतही नाही. २००५ च्या जंगली सॅमन धोरणात प्रत्येक वेगळा गट जपायचं ठरलं आहे. जपायचा तर आधी तो आहे की नाही हे तरी बघायला नको का?

आता कोकण. वलगणीला पहिल्या पावसात चढणीचे मासे ओहोळांत, शेतांत वर येतात, ते मोजता येतील का, असं तुझ्या मनात असावं. पद्धती जशाच्या तशा उचलता येणार नाहीत. आपले चढणीचे मासे अंडी घालून मरत नाहीत, ते परत उतरतात. त्यामुळे डेड पिच नाही, आणि एकाच माशाची गणती दोनदा होण्याचा धोका कायम. पाणी लाल, गढूळ. वरून पाहून काही दिसणार नाही. चढण होते ती मुख्यतः पहिल्या जोरदार पावसात, बहुधा रात्री, आणि थोड्याच दिवसांत संपते. पण सापळ्याचा हिशेब लागू पडतो. लोक पिढ्यान्‌पिढ्या ओहोळाच्या तोंडाशी मासे अडवत आले आहेत. एखाद्या गावात असे सापळे लावणाऱ्यांशी बोलून, एकाच जागी, दर पावसाळ्यात, किती तास सापळा होता आणि कुठल्या जातीचे किती मासे आले, एवढं लिहून ठेवलं तरी पाच वर्षांत हाती काहीतरी लागेल. सापळा होता पण मासे आले नाहीत ती रात्रही लिहायची. खुणा करून सोडलेले मासे पुन्हा किती सापडतात हेही पाहता येईल. पाण्यातला डीएनए तपासण्याची पद्धत जात आहे की नाही एवढं सांगायला गढूळ पाण्यातही उपयोगी ठरू शकते, संख्या सांगायला मात्र अजून भरवशाची नाही. समुद्रातून नदीत चढणारा आपल्याकडचा मोठा मासा म्हणजे हिलसा. १९७५ मध्ये फराक्का बंधारा झाल्यावर गंगेत वर जाणारा हिलसा कसा जवळजवळ थांबला ते तुला माहीत आहे. आडवा बांध पडण्याआधीच्या नोंदी असतील तरच नुकसान किती झालं हे कुणाला दाखवता येतं. त्यासाठी तरी कोकणातल्या नद्यांवर कुणीतरी आत्ताच वही उघडायला हवी.

कामाचं म्हणशील तर खरं सांगते. अमेरिकेतल्या केंद्र सरकारच्या हंगामी जागा साधारणपणे अमेरिकी नागरिकांसाठीच असतात. कॅनडात नागरिक आणि कायम रहिवासी यांना आधी घेतात, आणि चार महिन्यांच्या जागेसाठी परदेशातून माणूस आणण्याची खटपट फारसं कुणी करत नाही. तिथे पदव्युत्तर शिक्षणाला जाऊन त्या विद्यार्थी परवान्यावर हंगामी काम करणं हा जास्त चालणारा रस्ता आहे. पदवीपेक्षा आधी विचारतात ते गाडी चालवण्याचा परवाना, प्रथमोपचार, वेगवान पाण्याचं प्रशिक्षण, विजेने मासे पकडण्याचं प्रमाणपत्र, होडी चालवता येते का. आर (R) किंवा तत्सम संगणकी भाषेत स्वतः आकडेमोड करता येत असेल तर हिवाळ्यातही ठेवून घेतात, कारण डिसेंबर ते मार्च खवले वाचणं आणि वह्या संगणकात भरणं चालू असतं. उन्हाळ्याच्या जागांच्या जाहिराती साधारण जानेवारीपासून येऊ लागतात. आदिवासी राष्ट्रांचे मत्स्य विभाग आणि खासगी सल्लागार कंपन्या यांच्या जागा सरकारी संकेतस्थळावर दिसत नाहीत, त्या वेगळ्या शोधाव्या लागतात.